ओझं, रस्ता आणि पाटे

मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावच्या खंडोबाची यात्रा जवळ आली, की नांदेड–लातूर रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. लोहा तालुक्यातलं हे गाव एरवी शांत. पण यात्रेच्या दिवसांत इथे घोडे, उंट, गाढवं, कुत्री आणि तांबड्याभडक लाल कंधारी बैलांचा बाजार भरतो, तमाशाचे फड उभे राहतात आणि रान माणसांनी भरून जातं. पूर्वी ही जनावरं मुक्काम करत, पायी चालत यायची. आता बरीचशी पिकअपमधून येतात. घोडा उतरवताना गाडीच्या मागच्या चाकाकडे नजर टाकली तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. चारेकशे किलोंचं जनावर फळीवरून खाली आलं, की गाडीचा मागचा भाग हळूच वर येतो आणि चाक व मडगार्ड यांच्यातली फट बोटांनी मोजता येईल एवढी वाढते. चाकाच्या आत, आसावर आडवे बसलेले पोलादाचे चार-सहा वाकडे पट्टे तेवढ्यापुरते सैल होतात. गाडीवाले त्यांना पाटे म्हणतात, सगळे मिळून कमान.

बालाघाटच्या डोंगररांगेवरच्या या पट्ट्याचा इतिहास किल्ल्यांच्या, राजवटींच्या आणि चळवळींच्या अंगाने बराच लिहिला गेला आहे. कंधारचा भुईकोट राष्ट्रकूटांच्या काळापर्यंत मागे जातो. ओझ्याचा इतिहास मात्र कोणी फारसा मांडलेला नाही. माल एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना रस्त्याचा दणका कोणी सोसायचा, हा प्रश्न या भागात शेकडो वर्षं होता आणि त्याचं उत्तर काळागणिक बदलत गेलं. आधी तो बैलाच्या पाठीने सोसला, मग बैलाच्या मानेने, मग रबराच्या टायरने आणि शेवटी पाट्यांनी. आज लोह्यातला एखादा पिकअपवाला नवे पाटे निवडायला नांदेडला जातो तेव्हा तो याच जुन्या प्रश्नाचं उत्तर विकत घ्यायला निघालेला असतो.

गाडीरस्ते नव्हते तेव्हा माल लमाणांच्या तांड्यांतून फिरत असे. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी, शेकडो बैलांची रांग, आणि मीठ-धान्य अशी देवघेव. नांदेड-लातूरच्या डोंगरकपारीत आजही जे तांडे गाव म्हणून वसलेले आहेत, त्यांच्या पूर्वजांचा हाच व्यवसाय होता. या वाहतुकीत चाकच नव्हतं, त्यामुळे रस्त्याची तक्रारही नव्हती.

बैलगाडी आली ती सुताराच्या आणि लोहाराच्या जोरावर. तुंबा, आऱ्या, पुठ्ठ्या हे सुताराचं काम. त्यावर लोखंडी धाव चढवणं लोहाराचं. धाव चढवणं हा गावातला पाहण्यासारखा सोहळाच असे. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी कडं लालबुंद होईपर्यंत तापवायचं, दोघा-तिघांनी लांब चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचं, आणि लाकूड पेट घेण्याआधी पाण्याचे हंडे ओतायचे. तापल्यावर पसरलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं आणि सगळं चाक आवळून धरतं. आग आणि पाणी कुठल्या क्षणी भेटवायचं याची ही जाण पुढे मोटारींच्या काळात लोहाराच्या कामी आली.

या गाडीला कमान नव्हती. आस थेट गाडीच्या सांगाड्याखाली, सांगाड्यावर साठा आणि साठ्यावर ओझं. खड्ड्यात चाक गेलं की धक्का आसातून सरळ दांडीत आणि दांडीतून जुवात जाई, म्हणजे बैलाच्या मानेवर. मानेला गाठी येणं, कातडं सोलवटणं हे गाडीबैलाच्या आयुष्याचं ठरलेलं दुखणं होतं. कंधारी आणि देवणी या दोन्ही जाती याच मुलखातल्या. त्यांचा काटकपणा वाखाणताना हा काटकपणा कशासाठी लागत होता तेही ध्यानात घ्यायला हवं. पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात तीच भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता वर्षातून दोनदा हलतो. अशा जमिनीवर बिनकमानीची गाडी ओढणं म्हणजे काय, ते त्या बैलांनाच ठाऊक.

कमान रुळली ती इंग्लंडमध्ये, बग्ग्यांसाठी. तिथल्या घोडागाड्यांच्या पेट्या आधी चामडी पट्ट्यांवर टांगलेल्या असत. ओबडाया इलियट या लंडनच्या गाडीकारागिराने १८०४–०५ च्या सुमारास दोन वाकवलेल्या कमानी एकमेकींसमोर जोडून त्यांवर गाडीची पेटी ठेवण्याचं पेटंट घेतलं. त्यामुळे गाडी हलकी झाली, बसणाऱ्याची हाडं वाचली आणि घोड्याचं ओझंही कमी झालं. ही कमान आपल्याकडे शहरांतल्या बग्ग्या-टांग्यांबरोबर आली. टांगा हे मराठवाड्यातल्या सामान्य माणसाने पाहिलेलं बहुधा पहिलं कमानीचं वाहन. त्यात माणसं बसत. माल मात्र बैलगाडीतच राहिला. कमान आधी माणसाच्या सुखासाठी आली आणि ओझ्यापर्यंत पोचायला तिला आणखी बरीच वर्षं लागली.

ओझं हललं ते रेल्वेने. निजामाच्या राज्यात गोदावरी खोऱ्यातून मनमाडकडे जाणाऱ्या मीटरगेज मार्गाने नांदेड जोडलं गेलं. लातूरला आगगाडी आली ती दुसऱ्या बाजूने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली होती. तिचे अडीच फुटी रूळ १९११ मध्ये लातूरला पोचले आणि १९२७ मध्ये तीच लाइन दुसऱ्या टोकाला मिरजेला मिळाली. कॅलथ्रॉपचा सगळा भर एका हिशेबावर होता: प्रत्येक आसावर किती टन पडणार ते आधी ठरवा, मग रूळ, पूल, इंजिन, वाघिणी सगळं त्याच मापाने करा. त्याने आसाचा भार ५ टनांवर बांधून घेतला आणि म्हणूनच त्याला हलक्या रुळांवर स्वस्तात लाइन टाकता आली. ‘आसावर किती?’ हा प्रश्न या भागात पहिल्यांदा शास्त्र म्हणून विचारला गेला तो असा. लातूरची आडत आणि डाळीचा व्यापार फुगला त्यात या छोट्या गाडीचा वाटा मोठा आहे.

लोह्याला रेल्वे आली नाही. नांदेडला रूळ, लातूरला रूळ, मधल्या पट्ट्यात घाट आणि गाडीवाट. त्यामुळे या तालुक्याचं सगळं ओझं रस्त्यानेच गेलं आणि अजूनही जातं. लोह्याचा मोंढा, अहमदपूरचा बाजार, नांदेडच्या उस्मानशाही मिलला जाणारा कापूस, सगळ्यांचा भरवसा चाकांवर होता. पाट्यांच्या इतिहासात लोह्याला जागा आहे ती यामुळे.

मोटारीचा नियमित प्रवास या मुलखाने पाहिला तो निजामाच्या काळात. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने रस्ते वाहतुकीचं खातं उघडलं, २७ बस आणि १६६ कर्मचारी घेऊन. हैदराबादेतल्या या सेवेच्या अल्बियन बस स्कॉटलंडच्या कारखान्यातल्या होत्या, आणि त्या काळच्या बहुतेक बस-ट्रकांप्रमाणे त्यांचा भार लांब पाट्यांच्या कमानींवर तोललेला असे. पोलीस कारवाईनंतर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि इथली बस वाहतूक पुढे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या छत्राखाली गेली. तोवर ‘एसटीचा पाटा तुटला’ हे वाक्य या रस्त्यावर उशीर होण्याचं सर्वमान्य कारण झालं होतं. डेपोतला पाटे बदलणारा कारागीर हा गावोगावच्या गॅरेजांचा अनौपचारिक गुरू ठरला. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं नाक्यांवर दुकानं टाकून बसली.

ट्रकांचा जमाना खऱ्या अर्थाने सुरू झाला १९५४ पासून. जमशेदपूरला टेल्कोने डायम्लर-बेंझबरोबर ट्रक बांधायला घेतले. हा करार १९६९ पर्यंत चालला. त्याआधी देशभर दुसऱ्या महायुद्धातले लष्कराने विकून टाकलेले अमेरिकी ट्रक धावत होते आणि त्यांचे सुटे भाग मिळवणं हीच एक परीक्षा असे. देशी ट्रक आला तसे देशी पाटेही आले. यमुनानगरसारख्या ठिकाणी पाट्यांचे कारखाने उभे राहिले, मालमोटारींच्या नाक्यांवर रंग मारलेल्या पाट्यांच्या थप्प्या दिसू लागल्या.

इथे लोहार परत येतो. धाव चढवणारी घरं बैलगाड्या कमी झाल्यावर रिकामी पडत चालली होती. त्यातली काही पाट्यांकडे वळली. बसलेली कमान पुन्हा उठवणं हे त्यांचं नवं काम. पाट्यांचा जुडगा खोलून, एकेक पाटा ऐरणीवर ठेवून आतल्या बाजूने ओळीने घाव घालत जायचं. घाव सारख्या अंतरावर पडले पाहिजेत. एकाच जागी जास्त मारलं तर तिथे पाटा कोनात मोडल्यासारखा होतो आणि पुढे त्याच ठिकाणी तुटतो. कमान किती उठली ते पाहायला दोन्ही टोकांच्या कड्यांना दोरी ताणून बांधायची आणि मध्यभागी दोरीपासून पाट्यापर्यंतचं अंतर मोजायचं. डाव्या-उजव्या दोन्ही कमानींचं माप सारखं आलं, की काम झालं.

काही जण पाटा भट्टीत घालून वाकवत. ते दिसायला झटपट, पण घात करणारं. पाट्याचं पोलाद साधं नसतं. त्यात सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम मिसळलेलं असतं. कारखान्यात ते ८५०–९०० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवतात, मग पुन्हा साधारण ४५०–५०० अंशांवर तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. पाटा वाकूनही परत सरळ होतो तो या दुसऱ्या तापवण्यामुळे. भट्टीत लाल करून नुसता हवेत गार केला, तर तो मऊ पडतो आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बसतो. पाण्यात टाकला तर काचेसारखा तडकतो. कोयत्याला पाणी देणाऱ्या हाताला हे कळायला वेळ लागला नाही. पण कोयत्याला धार हवी आणि पाट्याला लवचीकपणा, हा फरक ज्यांनी ओळखला त्यांचीच दुकानं टिकली.

तुटलेल्या पाट्याचं आयुष्य तिथे संपत नाही. भंगारात किलोवर गेलेला पाटा घिसाड्याच्या पालावर पोचतो आणि कमानपाट्याचा कोयता होऊन बाहेर पडतो. ऊसतोड्याला तोच लागतो. साध्या लोखंडाच्या कोयत्याची धार दिवसभरही टिकत नाही. दसरा-दिवाळीनंतर कंधार, लोहा, मुखेडकडून टोळ्या कारखान्यांकडे निघतात तेव्हा ट्रकखाली पाटे असतात आणि ट्रकात बांधलेल्या बोचक्यांतही पाटेच असतात, कोयत्याच्या रूपात.

उसाने आणखी एक गोष्ट केली. डनलॉपच्या हवाभरल्या टायरांची बैलगाडी या मुलखात रुजवली. लातूरकडे मांजरा, नांदेडकडे शंकरनगर असे सहकारी कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या काट्यावर टायरगाड्यांच्या रांगा लागू लागल्या. धावेच्या गाडीने जेवढं ओढलं त्याच्या दुप्पट-अडीचपट ऊस तीच बैलजोडी टायरगाडीने ओढू लागली. या गाडीलाही कमान नसते. धक्का टायर खातं. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी सुधारित बैलगाडीसाठी अनेक वर्षं जीव तोडून प्रचार केला, जू सुधारा, चाक सुधारा, बैलाच्या मानेचा विचार करा. त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटत होतं, पण सुधारणेचा फायदा बैलाला देण्याऐवजी त्याच्यावर आणखी ओझं लादायला वापरला गेला. कमी त्रासात तेवढंच ओझं, असा पर्याय खेपेवर पैसे मिळणाऱ्या माणसाला परवडतच नव्हता. ही खेपेची सक्ती लक्षात घेतल्याशिवाय पुढची पिकअपची गोष्ट समजत नाही.

पिकअप आला तो १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने. टाटांची ४०७ १९८६ मध्ये आली, त्यामागोमाग २०७. १९५८ पासून चालत आलेले बजाज टेम्पोचे तीनचाकी आणि पुढे मॅटाडोर होतेच. २००५ मध्ये छोटी एस आली आणि महिंद्राच्या बोलेरो पिकअपने तर खेड्यातला बाजार व्यापून टाकला. मोठ्या ट्रकला गाव परवडत नाही, ट्रॅक्टरला महामार्ग परवडत नाही. मधली जागा पिकअपने घेतली. सोयाबीनचे कट्टे मोंढ्यात, खत परत गावात, लग्नाचं वऱ्हाड, माळेगावचे घोडे, गणपतीचे देखावे, सगळ्याला एकच गाडी. दीड टनाची परवानगी म्हणजे ५० किलोंचे ३० कट्टे. मोंढ्यात उभ्या असलेल्या पिकअपमधले कट्टे मोजले, तर ३० वर थांबलेली गाडी क्वचित सापडेल.

गेल्या काही वर्षांत याच गाडीच्या मागे आणखी एक चाकजोडी लागली. स्लॅबचं मिक्सर मशीन, मळणी यंत्र, जनरेटर, दोन चाकी पाण्याची टाकी. पूर्वी हे सगळं ट्रॅक्टर ओढायचा. महामार्गावर वेग वाढला, कामं दूरदूरची मिळू लागली, तशी ओढण्याची जबाबदारी पिकअपकडे आली.

आणि इथेच पाटे निवडण्याचा प्रश्न अवघड होतो, कारण ओढलेलं ओझं आणि लादलेलं ओझं यांचा हिशेब वेगळा आहे. दोन टनांचा गाडा मागे जोडला म्हणून पिकअपच्या पाट्यांवर दोन टन येत नाहीत. त्यांच्यावर येतो तो फक्त हुकवर टेकलेला भार. पण हुक असतो मागच्या आसाच्याही मागे. समजा पुढच्या-मागच्या आसांत ३ मीटर अंतर आहे, हुक मागच्या आसापासून १.२ मीटर बाहेर आहे आणि त्यावर १५० किलो टेकले आहेत. मग मागच्या आसावर १५० नव्हे, २१० किलो वाढतात आणि पुढच्या आसावरून ६० किलो उचलले जातात. मागची कमान दबते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात सैल वाटू लागतं, रात्री दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. लोह्याहून अहमदपूरकडे जाताना चढावर हे सगळं एकदम जाणवतं.

मागची गाडी बसली म्हटल्यावर मालक म्हणतो, एक पाटा वाढवा. हे इतकं रूढ झालं आहे की नव्या गाडीची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी वाढीव पाटा, असा शिरस्ता काही ठिकाणी आहे. त्यामागचा विचार साधा: जाड पाटा म्हणजे ताकद. पण पोलादाचा हिशेब तसा चालत नाही. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला, की तो सव्वापट नव्हे, जवळजवळ दुप्पट ताठ होतो. आणि त्याहून महत्त्वाचं, सगळे पाटे एकाच वेळी सारखेच वाकत असताना जाड पाट्याच्या पृष्ठावर ताण जास्त येतो. म्हणून मोठ्या हौसेने घातलेला जाड पाटा जुडग्यात सर्वांत आधी तुटतो. गॅरेजवाले याला पाट्याच्या कंपनीचा दोष समजतात. बहुतेक वेळा तो जाड-पातळ पाटे मिसळल्याचा दोष असतो.

ताठ कमान रिकाम्या गाडीला उडवते. रिकामं परतताना मागचं चाक रस्ता सोडतं, ब्रेक लावला की सरकतं. आणि भरल्या गाडीत ती ड्रायव्हरला फसवते, कारण गाडी दबत नाही म्हणून ओझं जास्त नाही असं त्याला वाटत राहतं. आस तेवढाच आहे, बेअरिंग तेवढंच, चेसिस तेवढीच, ब्रेक तेवढेच. फक्त धोक्याची खूण दिसेनाशी झाली.

जाणता कारागीर म्हणून आधी पाट्यांची संख्या सांगत नाही. तो विचारतो: रोज काय नेता? रिकामे किती जाता? हुक कुठे लावलाय, आणि गाडा जोडल्यावर पुढून गाडी किती उचलते? गाडी नेहमीच भरलेली असेल तर मूळ मापाचाच नवा जुडगा, त्याच जाडीचे, त्याच लांबीचे पाटे. कधी भरलेली, कधी रिकामी असेल तर खालचे हेल्पर पाटे, जे ओझं आल्यावरच टेकतात आणि रिकाम्या गाडीत अधांतरी राहतात. एक बाजू तुटली तरी दोन्ही बाजूंचे पाटे बदलायचे, नाहीतर गाडी तिरकी उभी राहते. यू-बोल्ट जुने वापरायचे नाहीत. एकदा ताणून आवळलेला बोल्ट पुन्हा तसाच धरून ठेवत नाही, आणि नवाही शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर परत आवळावा लागतो. सेंटर बोल्ट तुटला तर आस जागेवरून सरकतो आणि मागून पाहणाऱ्याला गाडी खेकड्यासारखी तिरकी चाललेली दिसते. शॅकलचे बुश गेले असतील तर नव्या पाट्यांचा पैसा वाया. आणि पाट्याला कधीही वेल्डिंग नाही. वेल्डिंगचा ताप लागलेली जागा म्हणजे पुढच्या तुटण्याची जागा. गाडा ओढायचा असेल तर पाट्यांच्या आधी गाड्यातलं सामान पुढे-मागे सरकवून हुकवरचा भार बघावा, हा सल्ला फुकट असतो आणि म्हणूनच बहुधा ऐकला जात नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या कागदावरच्या आणि कंपनीच्या मापांपेक्षा वेगळा असा मूलभूत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा ओझ्याला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये आहेत. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल: २०१८ मध्ये केंद्राने मोठ्या ट्रकांच्या आसांची मर्यादाच वाढवली, दोन आसांच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेलं. वर्षानुवर्षं जे चोरून चाललं होतं त्यातलं थोडं कायद्याने पोटात घेतलं. पिकअपला तशी सवलत मिळालेली नाही, पण रस्त्यावरच्या माणसाने त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतलाच.

लातूरच्या २०१६ च्या दुष्काळात हा सगळा हिशेब पाण्यावर आला. एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत एक्स्प्रेस लातूरला पाणी घेऊन निघाली. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर. ती धावली तो मिरज–कुर्डुवाडी–लातूर मार्ग म्हणजे कॅलथ्रॉपची जुनी लाइन, आता ब्रॉडगेज झालेली. रुळांवर आसाचा भार आधी मोजलेला होता. पुढे रस्त्यावर मात्र जे हाती आलं त्यावर पाणी चढलं. शहरात आणि खेड्यांत टँकर, ट्रॅक्टर, पिकअप, सगळे टाक्या घेऊन धावत होते. २,००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी पिकअपवर ठेवली की दोन टन झाले, आणि अर्ध्या भरलेल्या टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं. पडदे नसलेल्या टाकीचा तो हेलकावा कमानीवर उलटसुलट पडतो. माणसांना पाणी हवं होतं, त्यामुळे त्या उन्हाळ्यात कोणी मापं विचारली नाहीत. त्या गाड्या चालवणाऱ्यांनी आणि त्यांचे पाटे रात्रीतून बदलून देणाऱ्यांनी जे केलं त्याची नोंद सरकारी अहवालांत फारशी सापडणार नाही, पण तिची जागा याच इतिहासात आहे.

आता पाटाच बदलतो आहे. नव्या गाड्यांत पॅराबोलिक पाटे येऊ लागले आहेत: मध्ये जाड, टोकांकडे निमुळते, संख्येने दोन किंवा तीन, एकमेकांवर न घासणारे, वजनाला हलके. छोट्या एसच्या पुढच्या आसावर असेच पाटे आले. ते बनवायला मोठी रोलिंग यंत्रं लागतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आकार ऑटो ही कंपनी असे पाटे तयार करते, म्हणजे ज्या मराठवाड्यात कमान बाहेरून आली तिथूनच ती आता बाहेर जाते. या पाट्यात वाढीव पाटा घालता येत नाही, कारण प्रत्येकाचा आकार दुसऱ्याशी ठरवून जुळवलेला असतो. ऐरणीवर ठोकून कमान उठवायची सोयही नाही. कारखान्यात पृष्ठावर छऱ्यांचा मारा करून जो थर तयार केलेला असतो तो घणाने बिघडतो.

लोह्यातून नांदेडला पाटे घ्यायला जाणाऱ्याने म्हणून तुटलेला तुकडा सोबत न्यावा आणि त्यावर ठोकलेला क्रमांक दुकानात दाखवावा. रंग सारखा, लांबी सारखी, पण जाडीत दोन मिलिमीटरचा फरक, असे जुडगे बाजारात शेजारी-शेजारी लावलेले असतात. कॅलिपर लावून प्रत्येक पाटा मोजून देणारी दुकानं अजून आहेत. त्या दुकानदारांपैकी काहींचे आजे कधीतरी धाव चढवत असत.